वसईची घरगुती भेटपिशवी : आमच्या शाळेचा अनुभव

वसई तालुक्यातील आमच्या शाळेत शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी, शिपाई, मदतनीस मावश्या आणि बसचालक असे एकूण 86 जण काम करतात. नाताळच्या सुट्टीपूर्वी या सर्वांना वर्षाखेरीची भेट देण्याची पद्धत जुनी आहे आणि ती ठरवण्याचे काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी सोपा मार्ग धरला आणि एका बेकरीतून सर्वांसाठी प्लम केक मागवला. केक उत्तम होता, पण त्यात अंडे होते आणि त्यातील सुकामेवा रममध्ये भिजवलेला होता. दोन जैन शिक्षिका, आमचे एक मुस्लिम बसचालक आणि माळकरी असलेले शिपाईकाका या सर्वांनी डबा हसतमुखाने स्वीकारला आणि संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. कोणी तक्रार केली नाही, म्हणून मला ते कळायला जानेवारी उजाडला.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावच्या सहा महिलांच्या घरगुती गटाकडे मागणी नोंदवली. त्यांतील चौघी ख्रिस्ती आहेत आणि दोघी हिंदू. दिवाळीत फराळ, नाताळात गोडधोड आणि संक्रांतीला तिळाचे लाडू असा त्यांचा वर्षभराचा क्रम असतो. मागणी किमान तीन आठवडे आधी द्यावी लागते आणि निम्मी रक्कम आगाऊ भरावी लागते. एका पिशवीचे आम्हाला 320 रुपये पडले. त्यात 200 ग्रॅम सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी), करंजीसारख्या चार नेवऱ्या, एक पुडी कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) आणि एक पुडी भाजणीची चकली होती. पिशवी जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांची, नाडी ओवलेली आणि प्रत्येकीचे कापड वेगळे. मुख्याध्यापिकांपासून मावश्यांपर्यंत सर्वांना एकच पिशवी द्यायची, ही अट आमची होती. शिक्षकांना सुकामेव्याचा डबा आणि चतुर्थ श्रेणीला मिठाईचा पाव किलोचा पुडा, ही रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती मला कधीच पटलेली नाही.

या गटाची खरी ओळख मागणी नोंदवताना झाली. किती नग हवेत हे विचारण्याआधी गटप्रमुख बाईंनी कोणाला काय चालत नाही याची यादी मागितली : अंडे न खाणारे किती, शेंगदाणे किंवा काजू सोसत नाहीत असे कोणी आहे का, मधुमेही किती. वाटप गुरुवारी असल्याचे मी सांगताच त्या म्हणाल्या, “टीचर, गुरुवार नका ठेवू, मार्गशीर्ष आहे. अर्ध्या बायका उपाशी असतील, चकली बघत बसतील.” हे मला, म्हणजे दर मार्गशीर्षात घट मांडणाऱ्या बाईला, सुचायला हवे होते. सुचले ते गळ्यात क्रूस असलेल्या आणि रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्या बाईंना. वाटप शुक्रवारी झाले.

पिशवीतील सर्वांत मोलाची वस्तू अर्थातच सुकेळी. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात काही दिवस वाळवायची, रोज उलटायची आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाकायची, एवढीच कृती. पण ऊन कमी पडले की केळे आंबते आणि जास्त झाले की चामट होते. वसईतील केळीच्या वाड्या इमारतींनी गिळत आणल्या, तशी ही सुकेळी करणारी घरेही कमी होत गेली. या गटाची सुकेळी मधाच्या रंगाची होती, बोटाने दाबली तर किंचित दबत होती आणि तोडल्यावर आत काळसर, चिकट गर दिसत होता. त्यांत साखर नाही, तूप नाही, मैदा नाही, अंडे नाही. उपवासाला चालतात, जैन मंडळींना चालतात आणि प्रवासात टिकतात. स्टाफरूममधील सगळ्यांनी न विचारता खाल्लेला पदार्थ हाच. एक सावधगिरी मात्र सांगते : ‘साखर घातलेली नाही’ या शब्दांवर विसंबून मधुमेही माणसांनी चार-चार खाऊ नयेत, कारण वाळलेल्या केळ्यात केळ्याची सगळी गोडी एकवटलेली असते. गटाने मधुमेह्यांच्या सात पिशव्यांत सुकेळी निम्मी करून चकली वाढवली होती.

कुलकुल हा नाताळचा खास पदार्थ. मैदा-रव्याच्या पिठाची छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात, आणि मग तळून साखरेच्या पाकात घोळायची. अनेक घरांत पिठात अंडे घालतात. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ शाकाहारी गणला जात नाही आणि त्याच्या वेष्टनावर हिरवी खूण लावता येत नाही, ही गोष्ट नाताळच्या भेटी मागवणारे बहुतेक जण विसरतात. या गटाने आमच्यासाठी पीठ नारळाच्या दुधात भिजवले आणि अंड्याचा घाणा कढईत उतरण्याआधी आमचा तळून काढला. चवीत मला फरक जाणवला नाही. अंड्याचे कुलकुल लहानपणापासून खाणाऱ्या माझ्या सहकारी शिक्षिकेला मात्र जाणवला आणि ‘जरा कडक झालेत’ हे तिचे मत खोटे नव्हते.

नेवऱ्यांवरून स्टाफरूममध्ये अर्धा तास वाद रंगला, कारण त्या म्हणजे करंज्याच. गोव्यात हिंदू घरांत चवथीला नेवऱ्या होतात आणि ख्रिस्ती घरांत नाताळाला, तेव्हा हा पदार्थ नेमका कोणाचा हे ठरवणे अवघडच. आमच्या चित्रकला शिक्षकांनी आईच्या हातची दिवाळीतील करंजी यापेक्षा खुसखुशीत असते असे जाहीर केले आणि चारही संपवल्या.

आता उणिवा. 86 पिशव्यांपैकी सुमारे वीस पिशव्यांतील नेवऱ्या मोडलेल्या निघाल्या, कारण कापडी पिशवी दिसायला देखणी असली तरी आत पुठ्ठ्याचा आधार नव्हता आणि पिशव्या रिक्षातून एकावर एक रचून आल्या होत्या. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पुड्यांवर नोंदणी क्रमांक, घटक आणि तारीख हे सर्व होते, पण केवळ इंग्रजीत. नेवऱ्यांच्या सारणात काजूचे तुकडे आहेत हे इंग्रजी न वाचणाऱ्या आमच्या मावश्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. काजू न सोसणाऱ्या एका शिक्षिकेची पिशवी वेगळी बांधून त्यावर तिचे नाव घातलेले होते, म्हणून निभावले. पण ती नेवरी दुसऱ्या कोणाच्या घरी, दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या हाती पडू शकते. एवढ्या बारकाईने यादी मागणाऱ्या बायकांकडून हे राहून जावे, याचे मला आश्चर्य वाटले.

याच गटाकडून आम्ही पाचवीच्या 40 मुलांसाठी तारा, म्हणजे नाताळात टांगतात तो कागदी तारा, तयार करण्याचे सत्रही घेतले. मुलामागे 60 रुपये, साहित्यासह. ताऱ्याची रचना मोठी सुंदर आहे : पाच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा, दोन्हींची टोके दोऱ्याने बांधायची आणि आतील पाच छेदांवर छोट्या काड्या अडकवून मध्ये फुगवटा आणायचा, मग खळीने पतंगी कागद चिकटवायचा. आकाशकंदील ज्याने केला आहे त्याला यात अनोळखी काही नाही. शिकवणाऱ्या ताईंनी हा तारा अमुक सणाचा असे एकदाही म्हटले नाही, ‘खिडकीत टांगा’ एवढेच सांगितले. त्यामुळे कोणी त्यावर चंद्रकोर चिकटवली, कोणी शेपटी लावली, तर एका मुलाने आजोबांचे नाव लिहिले. पण 40 मुलांना दोनच ताई आणि दोन तासांचा वेळ हे गणित चुकलेले होते. गाठी मारण्यातच पाऊण तास गेला आणि 15 मुलांचे तारे कागदाविना, नुसत्या कामट्यांचे घरी गेले. दोन दिवस पालकांचे फोन मलाच घ्यावे लागले. सत्र घ्यायचे असेल तर सांगाडे आधी बांधून मागवावेत किंवा वर्ग निम्मा करावा.

मोडलेल्या नेवऱ्यांचे पैसे गटाने स्वतःहून शिल्लक रकमेतून वजा केले. आम्ही पुढच्या डिसेंबराची मागणी त्यांच्याकडेच नोंदवली आहे. सुकेळी 250 ग्रॅम, नेवऱ्या पुठ्ठ्याच्या डब्यात आणि घटकांची चिठ्ठी मराठीत, हे तीन बदल कागदावर लिहून घेतले. गटप्रमुख बाईंनी कागद वाचला, खाली सही केली आणि माझ्यासमोर नव्या वर्षाचे कालनिर्णय काढून मार्गशीर्षातील गुरुवारांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या.