दुबईतलं ‘अस्सल अरबी डिनर’: बिल कुठे आणि कसं फुगवतात

दुबईत अरबी जेवणाच्या नावाखाली होणारी फसवणूक ताट समोर येण्याच्या बरीच आधी सुरू होते. देरा किंवा बर दुबईतल्या हॉटेलाबाहेर बिनमीटरची गाडी घेऊन उभा असलेला चालक, टूरवाल्यानं सोबत दिलेला मदतनीस, सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, हिंदीत हाक मारत जवळ येणारा माणूस, यांपैकी कोणी “ऑथेंटिक अरबी डिनर, माझ्या ओळखीची जागा” म्हणाला, की त्याचं कमिशन तुमच्या बिलात धरलेलं आहे असं समजा. गाडी सुटण्याआधी तो फोन करून “चार जण येतायत” असं कळवत असेल, तर शंकाच उरत नाही. नको म्हणायची वेळ तीच. एकदा टेबलाशी बसलं, मुलांना भूक लागली, की आपली माणसं संकोचानं उठत नाहीत, आणि सगळा धंदा त्या संकोचावर चालतो.

सर्वात मोठा फटका माशात बसतो. बर्फावर मांडलेले मासे दाखवून “कोणता आवडला?” असं विचारतात आणि किंमत सांगायचं टाळतात. मेनूवर ‘हमूर 28’ असं लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरांत ‘प्रति 100 ग्रॅम’ असतं. आता हिशेब करा. अख्खा हमूर 1.8 किलोचा भरला तर 18 गुणिले 28, म्हणजे 504 दिरहॅम. एका दिरहॅमला सुमारे 24 रुपये धरले तरी एकट्या माशाचे बारा हजार. शिवाय वजन होतं ते पोटातल्या घाणीसकट, खवल्यांसकट. हमूरचं डोकं मोठं असतं, त्यामुळे साफ केल्यावर खाण्याजोगं मांस निम्म्याहूनही कमी उरतं. म्हणून तीन गोष्टी बोलूनच घ्या: दर किलोला की शंभर ग्रॅमला, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि भाजण्याचे, भाताचे पैसे वेगळे आहेत का. मासा आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. हा आग्रह तिथे कोणालाही उद्धट वाटत नाही. ज्याला वाटतो, त्याच्याकडे जेवू नका.

दुसरी लबाडी माशाच्या जातीत होते. हमूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू. आखातात त्याची बेसुमार मासेमारी झाली आहे, तो महाग आहे, म्हणून ‘हमूर फिले’च्या नावाखाली स्वस्त बासा खपवला जातो. हमूरचं मांस घट्ट असतं आणि जाड पापुद्र्यांनी सुटतं. बासा मऊ, पाणीदार असतो आणि काट्याचमच्यानं दाबला की लगदा होतो. तुकड्यांत फसायची शक्यता जास्त, म्हणून मासा अख्खा मागा. कोकणातल्या माणसाला डोळे आणि कल्ले पाहून ताजेपणा कळतो, ते ज्ञान तिथेही तितकंच चालतं. सुरमईला तिथे कनाद म्हणतात, पापलेटला झुबैदी, आणि दोन्ही हमूरपेक्षा कमी धोक्याचे, कारण आपल्या डोळ्यांना ते ओळखता येतात. देऱ्यातल्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये मासा विकत घेऊन तिथेच साफ करून, भाजून घेता येतो. दर समोर ठरतो, वजन समोर होतं.

मागवलं नसताना टेबलावर येणाऱ्या बशा हा तिसरा प्रकार. हम्मस, मुतब्बल (भाजलेल्या वांग्याची चटणी), ऑलिव्ह, लोणची, खजूर. मंदी म्हणजे मांस आणि भात एकत्र शिजवलेला येमेनी पदार्थ. साध्या मंदीच्या खाणावळीत सूप आणि टोमॅटो-मिरचीची सहावक चटणी बहुतेक वेळा जेवणासोबतच येते, तिचे पैसे नसतात. लेबनीज हॉटेलात काकडी-मुळ्याची हिरवी थाळीही अनेकदा तशीच. पर्यटकांसाठी मांडलेल्या जागी मात्र याच बशांचे वेगळे पैसे लावतात. हात लावण्याआधी “हाधा मज्जानी?” म्हणजे “हे फुकट आहे का?” असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर बशी परत द्या. पाण्याचंही तसंच आहे. “वॉटर?” असं विचारून काचेची आयात बाटली फोडतात. “लोकल वॉटर” असं स्पष्ट म्हणा.

मंदीत फसवणूक दिसायला बारीक, पण चवीला सगळ्यात वाईट. मूळ येमेनी मंदी जमिनीत पुरलेल्या तन्नूरमध्ये शिजते. तळाशी भाताचं पातेलं, वर मांस, आणि तोंड घट्ट बंद. मांसातली चरबी आणि रस ठिबकून भातात उतरतो, त्याला काही तास लागतात. त्यामुळे खरी मंदी ठरावीक वेळीच निघते, दुपारच्या जेवणाला आणि पुन्हा रात्री. दुपारी चार वाजता “पंधरा मिनिटांत ताजी मटण मंदी” मिळत असेल तर तो कुकरमधला पिवळा भात आहे, वर कोळशाचा धूर दिलेला. मांस हाडावरून बोटानं सुटायला हवं आणि भाताचा दाणा मोकळा, पण तुपकट नसलेला हवा. मोजमाप ‘नफर’ म्हणजे माणशी असतं. भाताचा ढीग एका नफरमध्येही दोघांना पुरतो. वेटर चौघांना चार नफर सुचवतोच. आधी दोन मागवा आणि भात जास्त लागला तर वेगळा दर विचारा.

शाकाहारी माणसाची फसवणूक पैशांपुरती राहत नाही, म्हणून हे जरा नीट वाचा. ‘व्हेज मंदी’ म्हणून येणारा भात बहुधा त्याच पातेल्यातला असतो, फक्त वरचं मांस काढलेलं. डाळीच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असू शकतं. “नो मीट” म्हटल्यावर मांसाचा तुकडा नको एवढंच समोरच्याला कळतं, म्हणून “मरग”, म्हणजे मांसाचं पाणीही नको, हे वेगळं सांगायला लागतं. त्यापेक्षा जे मुळातच शाकाहारी आहे तेच मागवा: फूल मुदम्मस (शिजवून घोटलेले बाकल्याचे दाणे), फलाफल (कडधान्याचे तळलेले वडे), झातरचं मनाकीश (वर मसाला लावून भाजलेली रोटी), फत्तूश (कोशिंबीर), हम्मस. फलाफलचं तेल वेगळं आहे का एवढं विचारा. या पदार्थांत पोट भरतं, पैसे कमी लागतात आणि जेवण अस्सल अरबी असतं.

वाळवंट सफारीतल्या ‘अरबी मेजवानी’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तंदुरी चिकन, डाळ, नूडल्स आणि थोडं हम्मस यांना अमिराती जेवण म्हणणं हीच दिशाभूल, आणि बेली डान्सही त्या भूमीचा नाही. गाडीतून फिरायला जरूर जा, जेवणासाठी जाऊ नका. ‘व्हीआयपी टेबल’ला जास्तीचे पैसे तर अजिबात देऊ नका, बुफे तोच असतो.

आता बिलाकडे. अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत तो धरलेला असावा असा नियम आहे. मेनूवर 40 आणि बिलात 40 अधिक 5 टक्के असं दिसलं तर तिथेच विचारा. मोठ्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये सेवाशुल्क आणि पालिकेचं शुल्क असतं, त्याची नोंद मेनूवर असते. व्हॅट घेणाऱ्याच्या बिलावर टीआरएन, म्हणजे करनोंदणीचा 15 आकडी क्रमांक हवा. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर व्हॅट लावला असेल तर छापील टॅक्स इन्व्हॉइस मागा. पुष्कळदा तेवढ्यानंच आकडा खाली येतो. कार्ड यंत्रात घातल्यावर ‘रुपये की दिरहॅम’ असा पर्याय आला तर दिरहॅमच निवडा. रुपयांत मारलेला दर हमखास महागात पडतो, आणि वेटर तुम्हाला न विचारताच बटण दाबू शकतो, म्हणून यंत्र आपल्या हातात घ्या.

घरबसल्याही फसवतात. नामांकित हॉटेलाचं चित्र वापरून अर्ध्या किमतीत मेजवानीची जाहिरात समाजमाध्यमांवर येते, कार्डाचे तपशील मागते, मग ओटीपी. ओटीपीच्या संदेशातच खरी रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. घाईत लोक फक्त सहा आकडे वाचतात. रक्कम वाचा.

वाद झालाच तर आवाज चढवू नका, हातवारे किंवा शिवीगाळ करू नका, कर्मचाऱ्यांचे चेहरे मोबाइलवर टिपू नका. तिथे हे गुन्हे ठरू शकतात आणि फसवणारा सुटून तुम्हीच अडकता. बसतानाच मेनूच्या पानाचा फोटो घेतलेला असावा. पैसे कार्डानं द्या, छापील बिल घ्या, आणि दुबईच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करा. पोलिसांचा तातडीचा नसलेला क्रमांक 901 आहे. पैसे न देता निघून जाणं हा मार्ग नव्हे.

चांगलं जेवण दुबईत जागोजागी आहे, म्हणून तर या लुटीचा राग येतो. इराकी, सिरियन, लेबनीज हवं असेल तर मेट्रोनं अल रिग्गाला उतरा आणि मुरक्कबात रस्त्याकडे चालत जा. जिथे अरब कुटुंबं मुलाबाळांसह बसली आहेत आणि दाराशी कोणी हाका मारत नाही, तिथे शिरा. मूळ अमिराती जेवण रस्त्यावर सहज सापडत नाही, कारण ते घरातच जास्त शिजतं. त्यासाठी अल फहिदीतल्या शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंगमध्ये आधी नोंदणी करून जेवायला जा. भारतीय बैठकीसारखं खाली बसून मचबूस (मसालेदार मांस-भात), लुगैमात (तळलेले गोड गोळे) खाता येतं आणि यजमान प्रश्नांची मोकळी उत्तरं देतात. त्याच वस्तीतलं अरेबियन टी हाऊस 1997 पासून आहे, तिथे न्याहारीला बलालीत (अंड्यासोबतच्या गोड शेवया) आणि चबाब (गोडसर धिरडी) मागवा. हरीस जिथे मेनूवर असेल तिथे सोडू नका: गहू आणि मांस तासन्‌तास घोटून केलेला हा पदार्थ 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. या जागा खाणावळीपेक्षा महाग आहेत, पण किंमत मेनूवर छापलेली असते आणि बिलात तीच येते.