कुर्ल्याहून सीएसएमटी : मेन लाइन की हार्बर?

मुंबईत लोकलने कुर्ल्यापासून सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जायला दोन वाटा आहेत : मेन लाइन आणि हार्बर लाइन. मेन लाइनचा वारसा मोठा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती याच बाजूने. फास्ट लोकल मिळाली की वेळ वाचतो, आणि मधे दादर असल्याने पश्चिम रेल्वे गाठता येते. घाई असेल तर मेनच.

पण मला हार्बरचा अभिमान जास्त. देशातली पहिली विजेवरची लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला इथेच, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली. हार्बरला फास्टचे वेगळे रूळ नाहीत, त्यामुळे गाडी चुनाभट्टी, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड असं प्रत्येक स्टेशन घेत जाते. वेळ जातो, हे खरं. सँडहर्स्ट रोडला मात्र जरूर उतरून बघा : हार्बरचे फलाट वर, मेनचे खाली, एकाच स्टेशनात दोन मजले! 1992 मध्ये हीच लाइन ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला पोचली आणि नवी मुंबई खऱ्या अर्थाने जोडली गेली. बारा डबे मात्र तिला 2016 मध्ये मिळाले. फारच उशीर झाला तो.