विमानाचा पिंजरा: जळगाव ते फ्रँकफर्ट आणि त्यानंतरचे महिने

कुत्र्याला परदेशी न्यायचं ठरलं की लोक आधी विमान कंपनीला फोन लावतात, मग एजंट शोधतात, आणि पिंजरा निघायच्या आठवड्यात घेतात. आम्ही तो सगळ्यात आधी घेतला. गणपतीच्या सुमारास जळगावच्या घरात आलेला हा पिंजरा आता जर्मनीत आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, आणि इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. या सगळ्या व्यवहारात कुत्र्याला स्वतःला कळते अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे पिंजरा. बाकी सगळे कागद माणसांसाठी असतात. म्हणून पैसे आणि वेळ दोन्ही इथे घाला.

वस्तू कशी आहे ते आधी सांगते. जाड प्लॅस्टिकची दोन कवचं, एकावर एक बसणारी. पुढे लोखंडी जाळीचं दार, वर-खाली खिट्ट्या असलेलं. चारही बाजूंना हवेसाठी झरोके. बाहेरून माप 102 × 69 × 76 सेंमी, दुकानदार याला 500 नंबर म्हणतात. आमचा भुऱ्या गावठी कुत्रा आहे, वजन 20 किलोच्या आसपास, कान पडलेले, पाय लांब.

नंबरावरून पिंजरा घेऊ नका, कुत्र्याला मापून घ्या. विमान वाहतूक संघटना आयाटाचे जिवंत प्राण्यांसाठी नियम आहेत आणि विमान कंपन्या तेच लावतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ही झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट करायची, ही रुंदी. उभा असताना डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे वर असेल ते, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. भुऱ्याचं नाक ते शेपटी 76, कोपर 30, खांदे 21, उंची 66. म्हणजे लांबी 91, रुंदी 42 आणि उंची 66 च्या वर हवी. 500 नंबरात तो नीट उभा राहतो, गोल फिरतो, पाय पसरून झोपतो.

मोठा घेतला तर अजून बरं, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पण कार्गोचं भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्यावर. आमच्या पिंजऱ्याचा आकडा 89 किलो येतो, कुत्रा आणि पिंजरा मिळून खरं वजन त्याच्या जवळपास एक तृतीयांश असूनही. याच्या पुढचा, 122 × 81 × 89 चा पिंजरा घेतला असता तर आकडा 147 च्या घरात गेला असता. शिवाय प्राण्यांचा दर साध्या मालापेक्षा बहुतेक ठिकाणी चढा असतो. त्यामुळे मापात बसणारा सर्वांत लहान पिंजरा घ्यावा, पण मापात एक सेंटिमीटरही कमी पडू देऊ नये. माप कमी पडलं तर विमानतळावर कुत्र्याला परत पाठवतात.

आता महिन्यांचा हिशेब. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी मायक्रोचिप, 15 आकडी, आयएसओ मानकाची. मग रेबीजची लस, चिपच्या नंतर. चिप बसवण्याआधी टोचलेली लस धरली जात नाही, मग ती कितीही नियमित असो. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि प्रतिपिंडांचं (अँटिबॉडींचं) प्रमाण 0.5 आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवं. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने हातात असतात. हे चार महिने लोक फाइल घेऊन वाट बघण्यात घालवतात. आम्ही ते पिंजऱ्यासाठी वापरले.

सुरुवातीला वरचं कवच काढून टाकलं आणि नुसतं खालचं माजघरात ठेवलं, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी घालून. भुऱ्याचं जेवण त्यातच. तो पुढचे पाय आत ठेवून मान लांब करून खायचा, मागचे पाय बाहेर. मग हळूहळू चारही पाय आत आले. त्यानंतर वरचं कवच बसवलं, दार मात्र काढलेलंच. मग दार, उघडं. मग जेवताना लोटलेलं. शेवटी रात्रभर बंद. प्रत्येक पायरीवर तो स्वतः आत गेला पाहिजे, ढकलायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला, चुलत भावाच्या लहान मुलांनीसुद्धा. आजीला मात्र पटत नव्हतं. ‘त्याले काबरं कोंडी ऱ्हायनी वं?’ असं रोज विचारायची. दिवाळीनंतर एका दुपारी भुऱ्या आपणहून आत जाऊन घोरत पडलेला तिने पाहिला, तेव्हापासून तीच त्याची गोधडी उन्हात टाकायला लागली.

खानदेशात राहणाऱ्यांनी उन्हाचा विचार आधी करावा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो आणि प्लॅस्टिकचं कवच बंद खोलीतसुद्धा तापतं. पत्र्याच्या शेडखाली, गच्चीवर, उभ्या गाडीत हा पिंजरा वापरायचाच नाही. अनेक विमान कंपन्याही कडक उन्हाळ्यात प्राणी स्वीकारत नाहीत. म्हणून आम्ही उलटं मोजत आलो: फेब्रुवारीत निघायचं तर रक्त ऑक्टोबरच्या अखेरीस, लस सप्टेंबरमध्ये. ज्यांना मे महिन्यातच निघावं लागणार आहे त्यांनी रात्रीचं विमान बघावं आणि कंपनीकडून तापमानाची अट लेखी घ्यावी.

जळगावहून मुंबईला आम्ही रस्त्याने गेलो. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे लागतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली डॉगबॉक्स, आणि ती मला नको होती. मागची सीट काढलेल्या इको गाडीत पिंजरा आडवा बसला. निघायच्या आदल्या रात्री शेजारचे काका आले. त्यांचा सावद्याहून केळी भरून पाठवण्याचा धंदा आहे. त्यांनी गाडीत डोकावून आमच्या बॅगा पिंजऱ्यापासून वीतभर लांब सरकवल्या. केळीच्या गाडीत हवा कोंडली की माल आतून तापतो, म्हणाले, मग याचं काय होईल? पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, असा रात्रीचा प्रवास. धुळ्याच्या बायपासला आणि नाशिकच्या पुढे त्याला पट्टा लावून खाली उतरवलं. घाटातल्या वळणांवर पिंजरा हलला नाही, कारण तो दोन पट्ट्यांनी सीटच्या हुकांना बांधला होता. असे पट्टे पिंजऱ्यासोबत येत नाहीत, ट्रकवाल्यांच्या दुकानात मिळतात.

मुंबईत पशु संगरोध आणि प्रमाणन सेवेच्या केंद्रात, लोक ज्याला एक्यूसीएस म्हणतात तिथे, भुऱ्याला आणि त्याच्या कागदांना दाखवून निर्यातीचं प्रमाणपत्र घेतलं. युरोपीय संघाचं आरोग्य प्रमाणपत्र पोचायच्या आधीच्या 10 दिवसांतलं लागतं, त्यामुळे हे काम लवकर उरकून ठेवता येत नाही. मुंबईत मुक्कामाची सोय धरूनच निघा.

पिंजऱ्याची खरी परीक्षा कार्गो टर्मिनलवर झाली. तपासणीसाठी कुत्र्याला बाहेर काढतात आणि रिकामा पिंजरा वेगळा तपासतात. मोठी शेड, फोर्कलिफ्टचे आवाज, अनोळखी माणसं, आणि अशा ठिकाणी कुत्र्याने पुन्हा आत जायचं असतं. आमच्या शेजारी एक सुंदर लॅब्राडोर होता, त्याला चौघे मिळून आत घालत होते आणि तो पाय रोवून थरथरत होता. त्याच्या मालकिणीचा चेहरा मला अजून आठवतो. भुऱ्याला मी फक्त ‘घरात’ म्हटलं. तो गेला, गोधडी हुंगली, बसला. त्या क्षणी चार महिन्यांचं चीज झालं.

गुंगीचं औषध देऊ नका. उंचावर रक्तदाब आणि श्वासावर त्याचा परिणाम होतो, आणि झोपाळलेला दिसणारा कुत्रा कंपन्या घेतही नाहीत. पाण्याची वाटी आदल्या रात्री बर्फ करून दाराला अडकवा, म्हणजे चढवता-उतरवताना सांडत नाही आणि पुढे हळूहळू वितळत राहतं. पाण्याची आणि खाण्याची, दोन्ही वाट्या दार न उघडता बाहेरून भरता आल्या पाहिजेत, हे तपासलं जातं.

फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी वेगळं केंद्र आहे, अ‍ॅनिमल लाउंज नावाचं, 2008 पासून चालू असलेलं. तिथे पशुवैद्यकीय तपासणीत चिप वाचली, कागद बघितले. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर असलं तर तो व्यापारी माल धरला जातो आणि नियम बदलतात, हे तिकिटं काढतानाच ध्यानात असू द्या. भुऱ्याने अंथरूण ओलं केलं होतं, पण जाड शोषक पॅडमुळे गोधडी वरून कोरडी राहिली होती. दाराच्या जाळीवर ओरखडे नव्हते, दात लागलेले नव्हते, नाक सोललेलं नव्हतं.

आता दोष. कवचं जोडणारे प्लॅस्टिकचे खटके हा या पिंजऱ्याचा कच्चा भाग आहे. जळगावात उघड-झाक करता करताच एकाचा कान मोडला. बऱ्याच विमान कंपन्या तसेही हे खटके मान्य करत नाहीत, धातूचे नट-बोल्ट मागतात, आणि आमच्या पिंजऱ्यासोबत ते नव्हते. चाकंही नको असताना दिली होती. कार्गोत चाकं काढावी लागतात किंवा फिरणार नाहीत अशी बांधावी लागतात. वाट्या फार उथळ आहेत, आम्ही स्टीलच्या खोल वाट्या लावल्या. आणि झरोके मोठे असल्यामुळे इथल्या थंडीत आत वारा येतो, त्यामुळे हिवाळ्यात तीन बाजूंना चादर टाकावी लागली.

इथे आल्यावर पिंजरा विकून टाकू, असं आधी ठरलं होतं. विकला नाही. पहिले काही आठवडे भुऱ्याला या घरात ओळखीचं असं तेवढंच होतं. लिफ्टचा आवाज आला की आत, कचऱ्याची गाडी आली की आत. आता दार काढून ठेवलंय. कुत्र्याला घरात तासन्‌तास पिंजऱ्यात बंद ठेवणं इथल्या कायद्याला चालत नाही, आणि त्याची गरजही नाही. गाडीत मात्र हा वापरत नाही. जर्मनीत गाडीतला कुत्रा मालासारखा नीट बांधलेला असावा लागतो, आणि विमानाचा पिंजरा अपघाताचा धक्का सोसण्यासाठी बनवलेला नसतो. त्यासाठी वेगळा घेतला. नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून कर भरला, ते काम सोपं होतं.

गावठी कुत्रा घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पिटबुल, अमेरिकन स्टॅफोर्डशायर, स्टॅफोर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांच्या संकरांना जर्मनीत आणायला बंदी आहे. रुंद जबड्याच्या गावठी कुत्र्यावर उगाच शंका नको, म्हणून पशुवैद्याकडून जातीबद्दल लेखी टिपण आणि फोटो जवळ ठेवा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पिंजरा मापापेक्षा 10 टक्के मोठा लागतो आणि अनेक कंपन्या त्यांना घेतच नाहीत.

देश वेगळा असेल तर वेळापत्रकही वेगळं. ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा फक्त कार्गोनेच येतो आणि पोचायच्या 1 ते 5 दिवस आधी जंताचं औषध डॉक्टरांकडून द्यावं लागतं. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले. कुत्रा किमान 6 महिन्यांचा आणि चिप बसवलेला हवा. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही. पिंजऱ्याचं माप मात्र सगळीकडे त्याच पद्धतीने काढतात.

घेणार असाल तर दुकानातच दोन्ही कवचं वेगळी करून पुन्हा जोडून बघा, दाराच्या खिट्ट्या वर-खाली पूर्ण भोकात जातात का ते तपासा. नट-बोल्टांसाठी कडेची भोकं मोजून हार्डवेअरच्या दुकानातून वॉशरसकट घ्या, चार-सहा जास्तीचे पिशवीत घालून पिंजऱ्याला चिकटवा. तपासणीत एखादा बोल्ट हरवला, तर कार्गो टर्मिनलवर तो विकत मिळत नाही.