ओईसीडीचा बेटर लाइफ इंडेक्स : 'कुठला देश भारी' वाल्या भांडणासाठी बरी साइट, पण जपून

ज्यांच्या घरातलं पोरगं एमएसला जाणारे त्यांच्या फॅमिली ग्रुपवर अमेरिका की जर्मनी की आयर्लंड हा वाद होतोच, आणि मग कुणीतरी काका दरडोई जीडीपीची (देशाचं वर्षाचं एकूण उत्पादन भागिले लोकसंख्या) यादी टाकून मोकळे होतात. अशा काकांना पाठवायला ही साइट एकदम बेस्ट. फुकट आहे, लॉगिन बिगिन काही भानगड नाही.

ओईसीडी म्हणजे श्रीमंत देशांचा क्लब, ३८ मेंबर, ऑफिस पॅरिसला. २००९ मध्ये स्टिग्लिट्झ, अमर्त्य सेन आणि फितुसी ह्या अर्थतज्ज्ञांच्या कमिशनने सांगितलेलं की नुसत्या जीडीपीवरून लोक कसे जगतायत ते कळत नाही, त्याच विचारातून २०११ ला हे आलं. प्रत्येक देशाचं एक फूल, त्याला ११ पाकळ्या, घर, उत्पन्न, नोकरी, आरोग्य, सुरक्षितता वगैरे. बाजूला स्लायडर असतात, तुम्हाला काय महत्त्वाचं ते ठरवा की फुलं वरखाली होतात. उत्पन्नाला सगळं वजन दिलं की अमेरिका, लक्झेंबर्ग टॉपला, आणि कामाचे तास नि मोकळा वेळ वाढवला की अमेरिका घसरते आणि इटली, डेन्मार्क वर येतात. म्हणजे नंबर एक कोण ते तुमच्याच हातात, हे बघून आमच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

मला सगळ्यात आवडलं ते आयर्लंडचं प्रकरण. दरडोई जीडीपीच्या यादीत आयर्लंड जगात एकदम वर दिसतो, पण त्यात मल्टिनॅशनल कंपन्यांनी टॅक्ससाठी कागदोपत्री तिकडे नेलेला नफा आणि पेटंट धरलेले असतात. २०१५ मध्ये तर तिथला जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या वर उडाला, लोकांचे पगार काही तेवढे वाढले नव्हते, शेवटी त्यांच्याच सांख्यिकी खात्याने हा फुगा काढून वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. ह्या साइटवर जीडीपी नाहीच, घरात खर्चायला वर्षाला माणशी किती उरतं ते आहे, आणि तिथे आयर्लंड साधारण २९ हजार डॉलर, ओईसीडीच्या सरासरीच्या किंचित खालीच! जर्मनी जवळपास ३९ हजार, अमेरिका ५१ हजार. आणि ह्यात सरकारकडून मिळणारी शाळा-दवाखान्याची किंमतही धरलेली असते, त्यामुळे 'जर्मनीत सगळं फुकट म्हणून हिशोब सारखाच' हे पण चालत नाही, अमेरिका पैशात खरंच पुढे आहे. आयुर्मानात मात्र जर्मनी ८१, अमेरिका ७९.

आता तक्रारी. एक तर सरासरी. उत्पन्नाच्या पाकळीत संपत्तीही धरतात, तिथे अमेरिका झकास दिसते पण थोड्या लोकांकडे प्रचंड असलं की सरासरी फुगणारच. यूबीएस ह्या स्विस बँकेच्या २०२३ च्या अहवालात अमेरिकेत दर प्रौढामागे सरासरी संपत्ती ५.५ लाख डॉलर होती, आणि बरोब्बर मधला माणूस पकडला तर १.०८ लाखाच्या आत, बेल्जियममध्ये तोच मधला माणूस जवळपास २.५ लाखांवर. फुलाकडे बघून ह्यातलं काही कळत नाही. दुसरं म्हणजे मार्क द्यायची पद्धत, सगळ्यात वरच्याला १० आणि सगळ्यात खालच्याला शून्य, मग शून्यवाला देश एरवी ठीकठाक असला तरी पाकळीच गायब, पोरं घाबरतात उगाच. आणि आकडे बरेचसे कोविडच्या आधीचे आहेत, घरभाड्याच्या बाबतीत तर ते आता इतिहासजमाच समजा.

परदेशातून गेलेल्या माणसाचं काय होतं हे तर अजिबातच नाही. व्हिसा, भाषा, पहिल्या महिन्यात खोली मिळणं, ह्याला पाकळी नाहीये. आपला भारत ह्यात नसल्याने घरच्याशी तुलनाही करता येत नाही.

पाचपैकी साडेतीन. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर बघा, आणि फुलांशी खेळून झालं की देशाच्या पानावर जाऊन मूळ आकडे वाचा, डॉलरमधले आणि टक्क्यांमधले, कारण खरा माल तिथेच आहे.