बाळंतिणीच्या खोलीतला तेलाचा हीटर : दोन महिन्यांचा अनुभव

थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी डिसेंबरच्या आरंभी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी आली, तेव्हा पहिला वाद झाला तो तिच्या खोलीतल्या उबेवरून. आमचे घर जुने, कौलारू. वर लाकडी माळा आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती. सासूबाई खानापूर भागातल्या. "अगं, तुझ्या नवऱ्यासकट चार बाळंतपणं ह्याच शेगडीवर काढली की मी," असे म्हणत त्यांनी माळ्यावरची लोखंडी शेगडी काढून घासायलाही लावली.

बाजेखाली निखारे आणि त्यांवर ओवा-शेपांची धुरी, ही रीत मला ठाऊक आहे आणि तिच्यामागची मायाही. परंतु बाजेवरून लोंबणाऱ्या वाकळेचे एक टोक निखाऱ्यावर पडले, तर सुती चिंध्या भडकण्याआधी बराच वेळ आतल्या आत धुमसत राहतात. शिवाय वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही.

लाल तापणाऱ्या नळ्यांचा हीटर स्वस्त पडतो, पण उघडी तप्त नळी आणि गोधड्यांनी भरलेली खोली हे काही मला शेगडीपेक्षा फार वेगळे वाटेना. म्हणून आम्ही नऊ पात्यांचा, 2000 वॉटचा तेल भरलेला हीटर घेतला. यातले तेल जळत नाही आणि पुन्हा भरावेही लागत नाही. आतली विजेची कॉइल ते तापवते आणि लोखंडी पाती खोलीला ऊब देतात. खोली उबदार व्हायला अर्धा तास लागतो, मात्र बटण बंद केल्यावरही ऊब बराच वेळ टिकते. आवाज अजिबात नाही, ही बाळाच्या खोलीत मोठीच सोय. आयएसआय खूण पाहूनच घेतला होता, तरी घरी आल्यावर तो मुद्दाम कलंडवून पाहिला. वीज तत्क्षणी तुटली.

खरी परीक्षा हीटरची नव्हे, भिंतीवरच्या सॉकेटची झाली. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर. त्या खोलीत होते ते साधे 6 अँपिअरचे सॉकेट, आणि हीटरचा प्लग जाड पिनांचा, 16 अँपिअरचा. दुकानदाराने अगदी सहजपणे एक कन्व्हर्जन प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड पुढे केला, "सगळे असंच लावतात हो ताई" हे आश्वासनही दिले. पहिल्या संध्याकाळी मी त्याचे ऐकले. तासाभरात बोर्ड हाताला चटका बसण्याइतका तापला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला. एमसीबी (भार मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा खटका) पडली नाही, कारण ती पडणारच नव्हती: 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने 8.7 अँपिअर हा अगदी रास्त भार आहे, मग मधला बोर्ड 6 अँपिअरचा का असेना. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र त्या रात्री बोटांना कळले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वायरमनला बोलावून 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीची स्वतंत्र लाइन, अर्थिंगसह 16 अँपिअरचे सॉकेट आणि तिची वेगळी एमसीबी बसवून घेतली. हा खर्च हीटरच्या किमतीतच धरावा, असे माझे मत आहे.

दोष आहेतच. वायर जेमतेम दीड मीटर असल्याने हीटर कुठे ठेवायचा हे आपण नव्हे, सॉकेट ठरवते. बाजेपासून तीन फूट अंतर राखायला आम्हाला बाजच हलवावी लागली. थर्मोस्टॅटच्या चकतीवर अंश नाहीत, नुसते 1 ते 6 आकडे. आम्ही 3 वर स्थिरावलो. आणि पाती दिसायला अशी आहेत, की ओली दुपटी व लंगोट त्यांवर वाळत घालण्याचा मोह कुणालाही व्हावा. आमच्याकडे तो सासूबाईंना झाला. पाती झाकली गेली की हीटर आतल्या आत तापत जातो. तापमान फार वाढल्यास वीज तोडणारी सोय त्यात आहे, पण तिच्या भरवशावर कपडे वाळवू नयेत. दोरी आता परसात बांधली आहे.

विजेचा हिशेबही सांगते. मधल्या बटणावर रात्रभर ठेवला, तर मीटरवर पाच युनिटांच्या आसपास फरक दिसतो, म्हणजे महिन्याला दीडशे. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असलेल्या आमच्यासारख्या घराने हे ध्यानात ठेवावे, कारण महिन्याचा वापर 200 युनिटांपलीकडे गेला की हेस्कॉम या वीज कंपनीचे संपूर्ण बिल आपल्यालाच भरावे लागते. आमचे ते आले, आणि आम्ही ते कुरकुर न करता भरले. केवळ बेळगावच्या थंडीसाठी, धडधाकट माणसांच्या घरात मात्र मी हा हीटर घ्यायला सांगणार नाही. तिथे दोन वाकळा आणि एक घोंगडे पुरेसे आहे.

शेगडी सध्या अंगणात असते. ओव्याची धुरी सासूबाई तिथेच करतात, बाळाची दुपटी तिच्यावर लांबून शेकून आत आणतात, आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज ऐकल्याशिवाय मी मागचे दार लावत नाही.