जिमी स्टुअर्टला इस्त्री कशाला?

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. एका मोठ्या स्ट्रीमिंग सेवेने हॉलिवूडचा जुना नट जेम्स ऊर्फ जिमी स्टुअर्ट याच्या चित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू केला आहे. निवड उत्तम, प्रिंट बेतास बात, सबटायटल्स टाकाऊ. महिनाभराचं सबस्क्रिप्शन जरूर घ्या, वर्षाचं घेऊ नका. सेवेचं नाव लिहीत नाही, पण माझ्या तक्रारी वाचल्यावर तुम्हाला तुमच्याकडची सेवा आठवली तर नवल नाही. मी फिल्म सोसायटीत सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवलेला माणूस. चित्रपटाच्या आधी माझं लक्ष पडद्याच्या पोताकडे जातं, ती खोड आता जायची नाही.

सुरुवात परिचयाच्या मजकुरापासून. तिथे 'इंडियाना राज्यात जन्म' असं ठोकून दिलंय. इंडियाना हे गाव, आणि ते पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. १९०८ साली स्टुअर्ट तिथे जन्मला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि पोराला 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी ऑस्कर मिळाल्यावर ती बाहुली कित्येक वर्षं त्याच दुकानाच्या काचेच्या खिडकीत उभी होती. एवढी गोड गोष्ट हाताशी असताना परिचय लिहिणाऱ्याने 'महान', 'अजरामर' या विशेषणांवर भागवलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात वास्तुकला शिकून १९३२ मध्ये पदवी घेतलेला हा मुलगा नाटकात कसा ओढला गेला, न्यूयॉर्कमध्ये हेन्री फोंडा या नटाबरोबर खोली घेऊन कसा राहिला, १९३५ मध्ये एमजीएम स्टुडिओशी करार कसा झाला, याची एक ओळ नाही.

त्याहून मोठा घोळ क्रमाचा. चित्रपट लोकप्रियतेनुसार लावलेत आणि सालानुसार लावायची सोयच नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी हे चालवून घेतलं असतं. स्टुअर्टच्या कारकिर्दीला मात्र मधोमध युद्धाची चीर आहे. पर्ल हार्बरच्या कितीतरी आधी, मार्च १९४१ मध्ये, तो सैन्यात भरती झाला; पहिल्या खेपेला वजन कमी भरलं म्हणून परत पाठवलं होतं. पुढे इंग्लंडमधल्या टिबनहॅमच्या तळावरून बी-२४ बॉम्बर घेऊन त्याने जर्मनीवर मोहिमा केल्या. अधिकृत आकडा २०. शिपाई म्हणून गेला आणि कर्नल होऊन परतला. त्या आधीचा लाजरा, लांबट तंगड्यांचा पोरगा आणि त्यानंतरचा माणूस एकच नाही. तेव्हा क्रम तुम्हीच लावा: १९३९चा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', १९४०चा 'द फिलाडेल्फिया स्टोरी', आणि मग १९४६चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. असं पाहिलं की डोळ्यांतला फरक सांगावा लागत नाही.

आता प्रिंट. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये जॉर्ज बेली, म्हणजे स्टुअर्ट, बारमध्ये बसून देवाचा धावा करतो तो प्रसंग आठवा. स्टुअर्टनेच नंतर सांगितलंय की तिथे त्याला खरोखर रडू कोसळलं. कॅमेरा मात्र लांब होता. ते रडणं पुन्हा जमणार नाही हे ओळखून दिग्दर्शक फ्रँक काप्राने नवा क्लोजअप घेतला नाही, तर लॅबमध्ये तीच फिल्म फ्रेमामागून फ्रेम मोठी करून घेतली. फिल्म मोठी केली की तिचे दाणे, म्हणजे चित्र ज्यांतून बनतं ते बारीक ठिपके, तेही मोठे होतात. म्हणून चांगल्या प्रिंटवर हा शॉट आजूबाजूच्या शॉट्सपेक्षा जाड, खरबरीत दिसतो. तो तसाच दिसायला हवा. या सेवेने दाणे पुसून टाकलेत. गालाची कातडी मेणासारखी, कपाळावरचा घाम गायब, भुवया एका पट्ट्यात. कारण ठाऊक आहे: दाणे प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, त्यामुळे फाइल दाबून लहान करताना ते सॉफ्टवेअरच्या नाकी नऊ आणतात. मग आधी ते पुसायचे आणि इंटरनेटचा खर्च वाचवायचा. सुरकुतलेला शर्ट खुलून दिसणाऱ्या माणसाला कडक इस्त्री करून उभा केल्यागत प्रकार झालाय.

त्यावर कडी म्हणजे शोधल्यावर आधी रंगवलेली आवृत्ती पुढे येते. मूळ कृष्णधवल चार टिचक्या खाली. रंगवण्याच्या या उद्योगाला स्टुअर्टने हयातीत जाहीर विरोध केला होता. (हा चित्रपट थेटरात खर्चही भरून काढू शकला नव्हता. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, अमेरिकन टीव्ही केंद्रांना तो फुकटात मिळाला आणि दर नाताळात लागत राहिला. कारकुनी चुकीतून अभिजात झालेलं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.)

आवाजाची कहाणी तीच. 'संवाद ठळक करा' हा पर्याय इथे आपोआप चालू असतो. ठीक आहे, ऐकू कमी येणाऱ्यांना उपयोगी. पण 'मिस्टर स्मिथ'मध्ये सिनेटमध्ये तासन्‌तास बोलून घसा बसल्याचं दाखवायला स्टुअर्टने डॉक्टरकडून घशाला औषध लावून घेतलं होतं, आवाज खरोखर चिरकावा म्हणून. तो चिरका आवाज या पर्यायाने इतका सरळ केलाय की स्मिथसाहेब नुकतेच गरम पाणी पिऊन आल्यासारखे वाटतात. तो पर्याय बंद करा, लगेच.

सबटायटल्सवर तर मी खवळलोच. स्टुअर्टचं बोलणं म्हणजे अडखळणं. वाक्य सुरू करायचं, सोडायचं, मागे जायचं, अर्धा शब्द गिळायचा. इंग्रजी सबटायटल्समध्ये हे सगळं गाळून नीटनेटकी वाक्यं लिहिलीत. 'फिलाडेल्फिया स्टोरी'त दारू चढलेला स्टुअर्ट केरी ग्रँटसमोर उचकी देतो. ती तालमीत नव्हती. ग्रँट क्षणभर हसू दाबतो आणि प्रसंग तसाच पुढे नेतो. सबटायटलला उचकीचा पत्ता नाही, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला ग्रँट का हसतोय, हेच कळणार नाही.

आता पैसे वसूल कुठे होतात ते. अँथनी मानच्या दिग्दर्शनातले वेस्टर्न. दोघांनी मिळून आठ चित्रपट केले, त्यातले पाच वेस्टर्न, आणि इथे पाचही आहेत. १९५०च्या 'विंचेस्टर ७३'पासून सुरुवात करा. युनिव्हर्सल स्टुडिओकडे स्टुअर्टचं नेहमीचं मानधन द्यायला पैसे नव्हते, तेव्हा एजंट लू वॉसरमनने नफ्यात हिस्सा मागितला. चित्रपट चालला, स्टुअर्ट मालामाल झाला आणि हॉलिवूडमधल्या पैशांच्या बोलणीचं गणितच फिरलं. पण मी सांगतोय ते बारमधल्या दृश्यासाठी. तो डॅन ड्युरियाचा हात पिरगाळून त्याचं डोकं बारच्या फळीवर दाबतो, आणि स्टुअर्टचा चेहरा कॅमेऱ्याजवळ येतो. दात विचकलेले, डोळे फाटलेले. हा 'मिस्टर स्मिथ'? प्रिंटही इथे बरी आहे, निदान चेहऱ्यावर चेहरा आहे. 'द मॅन फ्रॉम लॅरामी' सिनेमास्कोपची पूर्ण रुंदी राखून दाखवतात, त्याबद्दल मनापासून आभार.

हिचकॉकने स्टुअर्टला घेऊन केलेले चारही चित्रपट आहेत. 'व्हर्टिगो' १९९६च्या पुनरुज्जीवनावरून घेतलेला दिसतो, रंग जिवंत. फक्त शेवटच्या शॉटला सावध राहा. मनोऱ्याच्या कडेवर तो हात जरासे फाकवून उभा असतो, आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यात चौकोन येतो: 'तुम्हाला हेही आवडेल'. पुढचं आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर रिमोट फेकाल.

'द स्पिरिट ऑफ सेंट लुइस' वगळलात तरी चालेल. सत्तेचाळिशीचा गडी केस सोनेरी करून पंचविशीचा वैमानिक लिंडबर्ग होतो, आणि सगळी मेहनत दिसते.

'द शॉप अराउंड द कॉर्नर' इथे नाही, ही मोठी उणीव. विचारणा केली तर 'आपली पसंती नोंदवली आहे' असं यंत्राचं उत्तर आलं.

सगळ्यात चांगली प्रिंट १९५९च्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'ची, बहुधा तिला हात लावायला कुणाला वेळ झाला नसावा. दाणे शाबूत, ड्यूक एलिंग्टनचं संगीत भरदार. न्यायाधीशाच्या खुर्चीत जोसेफ वेल्च, सिनेटर मॅकार्थीला भर सुनावणीत सुनावणारा खराखुरा वकील. त्याच्यासमोर स्टुअर्ट भोळेपणाचा आव आणून साक्षीदाराला नको तो प्रश्न विचारतो, मग नम्रपणे मागे घेतो, आणि ज्युरीने तो ऐकलेला असतो. अडीच तासांहून मोठा आहे, रविवारी दुपारी लावा.