अठ्ठावीस हजार गेले, वर माफीही मीच मागितली

एका 'माइंड कोच'ला दिलेले एकूण २८,००० रुपये. बारा सेशनच्या पॅकेजचे १८,०००, 'इनर चाइल्ड' शिबिराचे ६,५०० आणि स्फटिकाच्या ब्रेसलेटचे ३,५००. हो, ब्रेसलेट. हसा.

बाबा गेल्यावर चार महिने मला झोप नव्हती. अशा वेळी माणूस डिग्र्या तपासत बसत नाही. त्यात या गृहस्थाचा पहिला कॉल फुकट. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: 'आज भरलेत तर सवलत.'

पण दुसऱ्या सेशनला मी विचारलं होतं! चाचरत का होईना, 'सर, तुमचा आरसीआय नंबर?' तो शांतपणे हसला. 'ताई, हा संशय हाच तुमचा आजार. वडिलांवरही असाच अविश्वास होता का?' मी रडले. वर त्यालाच सॉरी म्हणाले. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते, ती परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येते. मी बँकेत आहे, दिवसभर लोकांची केवायसी बघते. आणि इथे?

नव्या थेरपिस्टशी सूर जुळायला दोन-तीन भेटी जातात, हे खरंच आहे. तेच त्याने वापरलं: 'अस्वस्थ वाटतंय म्हणजे काम होतंय.' स्वतःच्या दुःखाने होणारी घालमेल वेगळी आणि समोरच्याचा धाक वेगळा. मला फरक कळत होता, तरी जात राहिले. पॅकेज भरलं होतं ना! म्हणून सांगते, एकेका भेटीचेच पैसे द्या. वस्तू विकायला काढली की उठा.

चौकीत म्हणाले, 'पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा.' सायबरवाले म्हणाले, 'माणूस प्रत्यक्ष भेटलाय, चौकीत जा.' तीन चकरा, दोन रजा. शेवटी एक साहेब, 'सेशन झाले ना? मग फसवणूक कसली? मॅडम, योगा करा.' बोर्डावर 'माइंड कोच' लिहिलंय, त्यामुळे खोट्या पदवीची तक्रारही बसत नाही म्हणे. ग्राहक तक्रारीसाठी वकिलाने पावती मागितली. पावती कुठली? पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर. पावती घ्याच, भांडून घ्या. आणि रात्र अगदीच निघत नसेल तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

काल त्याचा मेसेज आला: 'ताई, सात सेशन बाकी आहेत, महिनाअखेर मुदत संपते.'